सहा खोल्या आणि चार सरकारी योजना : घरमालकाच्या बाजूने एक अभिप्राय

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणापासून तीन किलोमीटरवर आमचे खेडे आहे. पाच एकर कोरडवाहू शेतात पऱ्हाटी (म्हणजे कापूस) आणि तूर होते. तेवढ्या भरवशावर घर चालत नाही, म्हणून कवेलूच्या जुन्या घराला लागून आम्ही स्लॅबच्या सहा खोल्या बांधल्या आणि तालुक्याला शिकणाऱ्या मुलांना त्या किरायाने देऊ लागलो. (भाड्याला आमच्याकडे किरायाच म्हणतात, करारनाम्यात मात्र भाडे असे लिहावे लागते.) यजमान गेल्यापासून हा व्यवहार मी एकटी पाहते. माझ्याकडची बहुतेक मुले शासनाच्या कोणत्या ना कोणत्या भत्त्यावर शिकतात. या भत्त्यांविषयी जे छापून येते ते सगळे विद्यार्थ्यासाठी असते : पात्रता काय, अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात. ज्याच्या खोलीत तो विद्यार्थी राहणार, त्याने या योजनांकडे कसे पाहावे, हे मला कुठे वाचायला मिळाले नाही, म्हणून हा अभिप्राय लिहिते आहे.

चार योजनांची मुले माझ्याकडे राहून गेली किंवा आज राहतात. पहिली, सामाजिक न्याय विभागाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. ती २०१६-१७ या शैक्षणिक वर्षापासून आहे आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातल्या अशा मुलांसाठी आहे, ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही. अकरावीपासून पुढचे विद्यार्थी तिच्यात बसतात. दुसरी, आदिवासी विकास विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. तीही त्याच वर्षी सुरू झाली. बारावीनंतर शिकणाऱ्या आणि वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी मुलामुलींसाठी ती आहे आणि तिचे काम एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांमार्फत चालते. आपल्या विदर्भात धारणी, पुसद, पांढरकवडा, चिमूर, देवरी, अहेरी, भामरागड अशा ठिकाणी ही कार्यालये आहेत. तिसरी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेली. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी. चौथी म्हणजे आपल्या भाऊसाहेबांच्या नावाची डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. ती अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या, व्यावसायिक अभ्यासक्रमांना शिकणाऱ्या मुलांसाठी आहे आणि तिचा अर्ज शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर होतो. अमरावती जिल्ह्यातल्या पापळसारख्या खेड्यातून शिकायला बाहेर पडलेल्या माणसाचे नाव राहण्याखाण्याच्या भत्त्याला द्यावे, हे मला फार योग्य वाटते.

नवीन घरमालक पहिला प्रश्न विचारतो तो रकमेचा. स्वाधार आणि स्वयम् या दोन्ही योजनांत रक्कम तीन भागांत मोजलेली असते : भोजन, निवास आणि निर्वाह. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांसाठी वर्षाला ३२,०००, २०,००० आणि ८,००० मिळून ६०,००० रुपये. इतर महानगरपालिकांच्या हद्दीत २८,०००, १५,००० आणि ८,००० मिळून ५१,०००. जिल्ह्याच्या ठिकाणी २५,०००, १२,००० आणि ६,००० मिळून ४३,०००. तालुक्याच्या ठिकाणचा गट नंतर वाढला. आधार योजनेत तो भोजनाला २३,०००, निवासाला १०,००० आणि निर्वाहाला ५,००० असा एकूण ३८,००० रुपयांचा आहे, आणि स्वाधार व स्वयम् यांची व्याप्तीही तालुक्यापर्यंत वाढली. पंजाबराव देशमुख योजनेची मुले आमच्याकडे प्रथम आली तेव्हा त्यांना दहा महिन्यांच्या हिशेबाने मोठ्या शहरांत ३०,००० आणि इतरत्र २०,००० रुपये मिळत, म्हणजे आमच्याकडे महिन्याला २,०००.

३८,००० हा आकडा ऐकून माझ्या शेजाऱ्याने खोलीचा किराया एकदम माणशी पंधराशे केला होता. त्याची चूक अशी की एकूण रकमेतला घरमालकाचा वाटा तो पाहत नव्हता. निवासाचे १०,००० रुपये बारा महिन्यांवर वाटले तर महिन्याला ८३३ रुपये पडतात आणि कॉलेजच्या दहा महिन्यांवर वाटले तर हजार. त्याहून जास्त किराया लावला तर मूल जेवणातून कापून तो देते. रात्रीच्या जेवणाऐवजी बिस्किटाचा पुडा खाऊन झोपणारी मुले मी पाहिली आहेत. मी एका खोलीत दोघे ठेवते आणि माणशी ९०० रुपये घेते, वीज त्यात धरून. कूलर लावायचा असेल तर उन्हाळ्यात वेगळे शंभर. खोलीमागे १,८०० रुपये होतात. आमच्या भागात एवढ्या अंतरावर याहून जास्त कोणी देत नाही, आणि योजना नसत्या तर एवढेही मिळाले नसते.

खरा पैसा भोजनाच्या भागात आहे, हे मला दोन वर्षांनी उमगले. २३,००० रुपये म्हणजे दहा महिन्यांत महिन्याला २,३००, दोन वेळचे धरले तर एका जेवणाला साधारण ३८ रुपये. अर्जाबरोबर भाडेकरारासारखेच मेसचे बिलही लागते. ज्या घरमालकाच्या घरात चार माणसांचा स्वयंपाक रोज होतोच, त्याने आणखी सहा जणांचा डबा केला तर खोलीच्या किरायाहून जास्त उत्पन्न होते. मी पोळी, वरण, भात आणि एक भाजी देते. हिवाळ्यात ज्वारीची भाकर. तेल आणि डाळीचा भाव चढला की नफा शून्यावर येतो, हेही सांगितले पाहिजे. ज्याच्याकडे हाताखाली माणूस नाही, त्याने या फंदात पडू नये.

आता मुख्य गोष्ट. या चारही योजनांपैकी एकही घरमालकाला ओळखत नाही. पैसा विद्यार्थ्याच्या आधार क्रमांकाशी जोडलेल्या बँक खात्यात जातो. घरमालक म्हणजे अर्जाला जोडलेल्या एका करारनाम्यावरची सही. हप्ता आला की नाही, अर्ज नामंजूर झाला का, त्रुटीत पडला का, हे घरमालकाला कोणी कळवत नाही आणि विचारण्याचा त्याला हक्कही नाही. म्हणून ‘सरकारी योजनेचा मुलगा आहे, पैसा पक्का आहे’ असे समजून खोली देणारा फसतो. किराया देण्याची जबाबदारी मुलाची आणि त्याच्या आईबापांची आहे, योजना त्यांच्या मदतीला आहे, असे स्पष्ट बोलून घेतल्याशिवाय मी चावी देत नाही.

माझ्या स्वतःच्या बाबतीत एकदा असे झाले की एका योजनेच्या तीन मुलांचा वर्षाचा पैसा शैक्षणिक वर्ष संपल्यावर, पुढच्या पावसाळ्यात जमा झाला. योजनेचे नाव मी लिहीत नाही, कारण त्या वर्षी चूक कुठे झाली हे मला आजही कळलेले नाही. एका मुलाच्या अर्जात तर नावातल्या एका वेलांटीचा फरक निघाला होता. तिघांपैकी दोघांनी पैसा येताच आणून दिला. तिसरा शिक्षण सोडून तेलंगणात मिरची तोडायला गेला आणि त्याच्या बापाने दिवाळीनंतर कापूस विकून अर्धे पैसे दिले. उरलेले मी मागितले नाहीत. तेव्हापासून मी किरायाच्या तारखा योजनेच्या हप्त्याला बांधत नाही, शेताच्या हंगामाला बांधते. ज्याच्या घरी पऱ्हाटी आहे त्याने पहिल्या वेच्याचा कापूस विकल्यावर पाच महिन्यांचे एकदम द्यावेत, ज्याचे आईबाप मजुरीला जातात त्याने महिन्याला द्यावेत. स्वाधार किंवा स्वयम् मिळणार का हे वसतिगृहाची यादी लागल्यावरच ठरते, अभियांत्रिकी आणि फार्मसीच्या प्रवेशफेऱ्या लांबत जातात, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या मुलाच्या हातात दिवाळीपूर्वी भत्ता पडेल असे धरून चालणे कोणत्याच योजनेत शहाणपणाचे नाही.

मग निवड कशावर करायची? माझ्या मते मुक्कामाच्या लांबीवर आणि कागदाच्या सोपेपणावर. मुक्कामाच्या बाबतीत स्वाधार सर्वांत पुढे आहे, कारण ती अकरावीपासून मिळते. चांगले मूल अकरावीला आले तर पदवीपर्यंत पाच वर्षे त्याच खोलीत राहू शकते.  अट अशी की दर वर्षी परीक्षा पास व्हावी लागते आणि महाविद्यालयात हजेरी ७५ टक्के भरावी लागते. घरमालकाच्या दृष्टीने ही अट वरदानच आहे, कारण दिवसभर खोलीत लोळत पडणारा मुलगा या योजनेत टिकत नाही. स्वयम् बारावीनंतरची आहे, म्हणून मुक्काम तीन-चार वर्षांचा. पण मूल सज्ञान झालेले असते आणि करार त्याच्याशी करता येतो.

हा सज्ञान असण्याचा मुद्दा लहान वाटतो, पण त्यावर माझे एक वर्ष वाया गेले आहे. अकरावीचे मूल सोळा वर्षांचे असते. भारतीय करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या माणसाने केलेला करार कायद्यात टिकत नाही. स्वाधारच्या पहिल्या मुलाशी मी त्याच्याच सहीने करार केला. पुढे वाद झाला तेव्हा तालुक्याच्या वकिलांनी कागद हातात घेऊन हसून परत दिला. आता अकरावी-बारावीच्या मुलासाठी मी करार त्याच्या बापाशी किंवा आईशी करते आणि राहणाऱ्याचे नाव त्यात वेगळे लिहिते.

नोंदणीविषयीही लोक फार निष्काळजी आहेत. स्टॅम्पपेपरवर नोटरी केली की काम झाले, असा आमच्याकडे समज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी भाडेकरूची नसून घरमालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय करार लेखी आणि नोंदणीकृत नसेल तर वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. लीव्ह अँड लायसन्स पद्धतीच्या (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याच्या) करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के आहे, आणि नोंदणी शुल्क ग्रामीण भागात ५०० रुपये. वर्षाला अठरा हजारांचा किराया असलेल्या खोलीला हा खर्च फार नाही. नोंदणी करून देणाऱ्याची फी त्याहून जास्त असते. मी तो खर्च दोन्ही मुलांत आणि माझ्यात तीन भागांत वाटते. घराचा पुरावा म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि वीजबिल लागते, आणि उताऱ्यावर अजून सासऱ्यांचेच नाव असेल तर आधी वारसाची नोंद करून घ्यावी. मे महिन्यात हे काम निवांत होते. पेरणी सुरू झाली की कोणी भेटत नाही.

आधार योजनेविषयी माझे मत थोडे राखून आहे. रक्कम चांगली आहे आणि तालुक्याचा गट तिच्यात सुरुवातीपासून आहे. पण प्रत्येक जिल्ह्याला ६०० जागा ठरलेल्या आहेत आणि निवड गुणवत्तेने होते. यवतमाळसारख्या सोळा तालुक्यांच्या जिल्ह्यात ६०० म्हणजे तालुक्यामागे चाळीसही नाहीत. मूल जुलैत राहायला येते आणि निवडयादीत त्याचे नाव नाही हे नंतर कळते. मग ते खोली सोडून एसटीच्या पासवर रोज येणे-जाणे करू लागते. म्हणून या योजनेच्या भरवशावर येणाऱ्या मुलाला मी आधी विचारते की नाव लागले नाही तरी राहणार का, आणि उत्तर प्रामाणिक असेल तर खोली देते. पंजाबराव देशमुख योजनेची मुले कमी असतात, कारण व्यावसायिक अभ्यासक्रम तालुक्यात मोजकेच आहेत. पण अर्जाची तपासणी महाविद्यालयाकडून होते, मुलांना महाडीबीटीची सवय असते आणि घरमालकाच्या मागे कागदासाठी सर्वांत कमी फेऱ्या याच मुलांच्या असतात.

येथे एक अप्रिय गोष्ट लिहिली पाहिजे. पंजाबराव देशमुख योजना सोडली तर बाकी तिन्ही योजना जातीप्रवर्गावर उभ्या आहेत, त्यामुळे ‘आम्ही अमुक योजनेची मुले ठेवतो’ हे वाक्य आमच्या गावात ‘आम्ही अमुक जातीची ठेवत नाही’ हे सांगण्याची सभ्य रीत होऊन बसले आहे. घर पाहायला आलेल्या मुलाला आडनाव विचारण्याऐवजी योजना विचारायची आणि मग खोली भरली आहे असे सांगायचे. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे, आणि ज्यांनी केले त्यांच्या खोल्या जानेवारीतही रिकाम्या पाहिल्या आहेत. मी वर योजनांची जी तुलना केली ती तारखांची आणि कागदांची आहे. तिच्यावरून किराया कधी घ्यायचा, करार कोणाशी करायचा आणि अनामत किती ठेवायची हे ठरवावे. खोली द्यायची की नाही हे तिच्यावरून ठरवू नये. माझ्याकडे एका खोलीत स्वाधारचा आणि आधारचा मुलगा एकत्र राहतात, आणि त्यांचे भांडण झालेच तर ते पंख्याच्या वेगावरून होते.

दुसरी तक्रार खोट्या कागदाची. दर वर्षी दोन-तीन मुले येतात आणि म्हणतात, “काकू, आम्ही गावाहूनच येणं-जाणं करतो, फक्त करारनामा द्या, पाचशे रुपये देतो.” योजनेत मूल महाविद्यालयाच्या गावचे रहिवासी नसावे अशी अट आहे आणि ते प्रत्यक्ष भाड्याने राहत असल्याचे शपथपत्र द्यावे लागते. खोटा करार दिला तर त्या शपथपत्राच्या खोटेपणात घरमालक वाटेकरी होतो. चौकशीला माणूस आला तर खोलीत त्या मुलाची गादी दाखवता येत नाही. नाही म्हणताना वाईट वाटते, कारण मागणारे मूल गरीबच असते. पण त्याच्या खोट्या कागदामुळे खरोखर राहणाऱ्या मुलांच्या अर्जांचीही दुप्पट तपासणी होते आणि हप्ता आणखी लांबतो.

शासनाला थेट घर भाड्याने देण्याचा मार्ग वेगळा आहे. वसतिगृह, कार्यालय किंवा गोदाम यांसाठी सरकारी खाते खासगी इमारत घेते तेव्हा भाडे किती वाजवी हे सार्वजनिक बांधकाम विभाग ठरवून देतो, आणि तेथे घरमालक हा कागदावर खरोखर पक्षकार असतो. आमच्या समोरच्या खोलीत पूर्वी एक शासकीय काम दोन वर्षे चालले. किराया बुडाला नाही, पण अनुदान आले की चौदा महिन्यांचा एकदम आणि मग पुन्हा शांतता, असा प्रकार होता. घराच्या दुरुस्तीसाठी खोली रिकामी मागितली तर पत्राला उत्तर मिळत नव्हते. ज्याची पूर्ण इमारत आहे आणि ज्याला वर्षभर थांबणे परवडते, त्याने हा मार्ग जरूर पाहावा. सहा खोल्यांच्या आणि महिन्याच्या किराणा बिलाच्या माणसासाठी तो नाही.

शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांना पगारात घरभाडे भत्ता मिळतो आणि मुख्यालयी राहण्याचा दाखलाही लागतो. ती मंडळी सर्वांत सोपे भाडेकरू, फक्त बदली झाली की पंधरा दिवसांत खोली रिकामी. माझ्याकडे एक शिक्षिका तीन वर्षे होत्या. मुलांना त्या रात्री इंग्रजी शिकवत, त्याबदल्यात मी त्यांचा किराया कमी करत असे.

या जूनपासून मी दोन बदल केले आहेत. अनामत एक महिन्याची न घेता माणशी ५०० रुपयेच घेते, कारण पहिल्या महिन्यात मुलाकडे प्रवेशशुल्क, पुस्तके आणि एसटीचा पास एवढे भरून काहीच उरत नाही. आणि करारनाम्याच्या दोन जास्तीच्या प्रती काढून एक मुलाला, एक त्याच्या घरी देते, म्हणजे अर्जातली त्रुटी दुरुस्त करताना त्याला प्रतीसाठी माझ्याकडे तीन किलोमीटर सायकल मारत यावे लागत नाही. दोन आणि पाच नंबरच्या खोल्यांत अजून एकेक जागा आहे. न्हाणीला नळ आहे, पण उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड येते, हे आधीच सांगून ठेवते.